कारणाला रकाना नव्हता

आमच्या शाळेचे शिक्षकांचे हजेरीबुक मुख्याध्यापकांच्या खोलीतील लाकडी कपाटात असे, आणि त्या कपाटाची चावी महिन्यातून पाच-सहा दिवस तरी सकाळी सापडत नसे. पेडणे तालुक्यातील ते हायस्कूल चोपड्याच्या फेरीबोटीच्या धक्क्यापासून पायी वीस मिनिटांच्या वाटेवर होते. पावणेआठला घंटा होई. घंटेपूर्वी प्रत्येकाने हजेरीबुकात सही करावी आणि समोर आल्याची वेळ लिहावी, असा नियम होता. नियम स्वच्छ होता, पण बुकच कपाटात असेल तर सही करायची कशात? मुख्याध्यापक टेबलाचे खण उघडत, सदऱ्याचे खिसे चाचपत, शिपायाला खिडकीच्या कट्ट्यावर पाहायला सांगत, आणि अखेर आठाच्या सुमारास चावी त्यांच्याच खिशातून निघे. तोपर्यंत नदीपलीकडून, शिवोलीहून येणाऱ्या बाई घाईघाईने येऊन रांगेच्या शेवटी उभ्या राहिलेल्या असत. मग सगळे एकदम सही करीत आणि 'सात चाळीस' अशी वेळ लिहीत. मी मात्र माझी खरी वेळ, सात पंचवीस, लिहीत असे.

"हेडसरांच्या चावीला पाय फुटलेत," असे चित्रकलेचे शिक्षक म्हणत.

"पाय नव्हेत हो, वल्ही!" इंग्रजीचे शिक्षक म्हणत, आणि शिक्षकांच्या खोलीत हशा होई.

मला त्या हशाचे कारण कळत नसे. चावीला वल्ही असण्यात मला काही विनोद दिसत नव्हता. इतरांना जे सहज समजले होते ते मला, वर्गात सर्वांत नेटके फलकलेखन करणाऱ्या माणसाला, दोन वर्षे समजले नाही. एकदा मी मुख्याध्यापकांना गंभीरपणे म्हणालो, "सर, चावी माझ्याकडे देत जा. माझ्या हातून ती हरवणार नाही."

ते माझ्याकडे पाहून हसले. "म्हणूनच देत नाही," म्हणाले.

मी ते उत्तर अपमान म्हणून मनात ठेवले.

माझा जन्म डिचोलीजवळच्या मुळगावचा. आमच्या घरी भाताची शेती होती आणि पलीकडे खाण. खाणीचा भोंगा झाला की आमच्या घरात चूल पेटे, दुसऱ्या भोंग्याला वडील शेतावर निघत. सावंतवाडीकडून आलेले मजूर भोंग्याच्या आत फाटकातून धावत शिरताना मी लहानपणापासून पाहिले होते. भोंगा संपला की फाटक बंद, मग बाहेरचा बाहेर. त्या मजुरांची मला कीव येत नसे. मला वाटे, फाटक सर्वांना सारखे आहे, त्यात अन्याय कसला? शाळेत मला लाभलेले गुरुजीही वेळेचे कडक होते, आणि त्यांनी माझ्यावर पुष्कळ उपकार केले. अशा रीतीने कडकपणा आणि उपकार या दोन गोष्टी माझ्या मनात एकमेकींना चिकटल्या. पुढे त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. कोणाची समजूत कशी घडली हे सांगण्याने त्याचा दोष कमी होत नाही, हेही येथेच नमूद करतो.

मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि सर्वांत ज्येष्ठ म्हणून प्रभार माझ्याकडे आला. मी गावातच खोली घेऊन राहत होतो. खोलीपासून शाळा पाच मिनिटांवर. पहिल्याच दिवशी मी कपाटाचे कुलूप काढून टाकले. हजेरीबुक व्हरांड्यातील टेबलावर, भिंतीवरच्या घड्याळाखाली ठेवले. घंटेचा शेवटचा टोला पडला की मी त्या दिवसाच्या शेवटच्या सहीखाली पट्टीने तांबडी रेघ ओढत असे. रेघेच्या खाली जी सही येईल ती उशिराची. पुढे पुढे शिक्षकांची शिस्त खरोखरच सुधारली. चित्रकलेचे शिक्षक पूर्वी चहा पिऊन येत, ते चहा सोडून येऊ लागले. व्यवस्थापक मंडळाने माझे कौतुक केले. रेघेखाली फक्त एकच सही येत राहिली.

शिवोलीच्या बाई मराठी शिकवीत. दोन वर्षांच्या परिवीक्षेवर त्यांची नेमणूक झाली होती, आणि ते वर्ष संपताना त्यांना कायम करायचे की नाही हे ठरणार होते. घरी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई आणि मिळवणाऱ्या त्या एकट्या. आईला शेजारणीच्या स्वाधीन करून त्या पहाटे निघत. आईला हलवणे शक्य नव्हते, म्हणून गावात बिऱ्हाड करणेही शक्य नव्हते. ही नोकरी गेली असती तर जवळपास दुसरी मराठी शाळा त्यांना मिळणे कठीण होते. हे सर्व मला ठाऊक होते. ते मी त्यांच्या अर्जातच वाचले होते.

प्रभार घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी त्या आठाला आल्या. श्वास लागलेला, चपला चिखलाने माखलेल्या. टेबलापाशी थांबून म्हणाल्या, "सर, आज फेरी..."

"बाई, कारण नको. वेळ लिहा."

"नाही, म्हणजे फेरी त्या बाजूला—"

"ह्या बुकात वेळेला रकाना आहे, कारणाला नाही," मी म्हणालो. आवाज चढवला नाही. मी कधीच आवाज चढवीत नसे, आणि त्याचा मला अभिमान होता.

बाईंनी वेळ लिहिली, सही केली आणि वर्गावर गेल्या. त्यानंतर त्यांनी मला एकदाही कारण सांगितले नाही. मला वाटले, शिस्त लागली.

आता त्या वर्षाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. राजभाषेचा प्रश्न तेव्हा रस्त्यावर आला होता. एका बाजूला कोंकणी, दुसऱ्या बाजूला मराठी. आमच्या बाजूच्या गावांत मराठीचा पक्ष मोठा, नदीपलीकडे संमिश्र. झाडे तोडून रस्ते अडवले जात, बसगाड्या बंद पडत, सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. माझे मत मराठीच्या बाजूचे होते आणि आजही आहे. शिवोलीच्या बाई घरी कोंकणी बोलत, कोंकणीच्या सभांना जात, आणि ते लपवीत नसत. आमच्या शाळेत मराठी कविता त्यांच्याइतकी चांगली कोणी शिकवीत नव्हते. त्यांच्या तासाला मी व्हरांड्यातून जाताना मुद्दाम सावकाश चालत असे. मराठीसाठी घोषणा देणाऱ्या आम्हा तिघा-चौघांपैकी एकाच्याही तासाला नववीचा वर्ग इतका शांत बसत नसे.

जानेवारीत मंडळाचे कार्यवाह माझ्या खोलीत आले. त्यांचे ट्रक डिचोलीच्या खाणींवर चालत, गावात त्यांचा शब्द चाले. खुर्चीवर बसून त्यांनी आधी शाळेची स्वच्छता वाखाणली, मग म्हणाले, "तुमच्या त्या बाई आठवडाभर आमची मराठी शिकवतात आणि रविवारी बाजारात उभ्या राहून काय सांगतात, ऐकलंत का?"

"ते माझ्या कक्षेत येत नाही," मी म्हणालो. "मी फक्त काम पाहतो."

"बरोबर. अगदी बरोबर." ते समाधानाने उठले. "तुम्ही फक्त कामाचंच लिहा. खरं ते लिहा. आम्हाला दुसरं काही नको."

मला त्या क्षणी वाटले की मी त्यांना परतवून लावले. निःपक्षपातीपणाने वागल्याचे समाधान घेऊन मी त्या दिवशी जेवलो. ज्यांना पुढे कधी आपल्या हाताखालच्या माणसांविषयी लिहावे लागेल, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे: वरचा माणूस तुमच्याकडे 'फक्त खरे' मागू लागला, तर ते त्याला कशासाठी हवे आहे हे आधी विचारा. सत्य कोणाच्या हाती जाते यावर त्याचा उपयोग ठरतो. मी ते विचारले नाही.

फेब्रुवारीत मी अहवाल लिहिला. तो दोन वाक्यांचा होता. पहिल्या वाक्यात बाईंचे अध्यापन उत्कृष्ट असल्याचे म्हटले होते. दुसऱ्यात, जूनपासून त्या एकतीस दिवस उशिरा आल्याचे. दोन्ही वाक्ये खरी होती. मी सही केली, दिनांक घातला, पाकीट बंद केले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आठवीला भूगोलाचा तास घेत होतो. विषय भरती-ओहोटी. फळ्यावर पृथ्वी, चंद्र आणि सूर्य काढून मी मुलांना समजावीत होतो की भरती रोज पन्नासेक मिनिटे पुढे सरकते, म्हणून विशिष्ट तिथीला ओहोटी साधारण विशिष्ट वेळीच येते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे हटते. मोरजीची काही मुले होती, ती माना डोलावीत होती. त्यांना हे घरचेच होते.

तास संपवून बाहेर आलो तर शिपाई व्हरांड्यात झाडू घेऊन उभा होता. चोपड्याचाच माणूस, वयाने माझ्याहून वडील. बराच वेळ ऐकत असावा.

"मास्तरांनू," तो म्हणाला, "बरां शिकयलास. तिजेक-चवथीक सुकती सकाळी पडता, खरां मां?"

सुकती म्हणजे ओहोटी. मी म्हटले, "हो. सकाळी सातच्या सुमारास."

"मगे फेरी धक्क्याक कशी लागतली? रेतीत रुतान बसता. पाणी चढासर थांबाचां, नायतर चिखलातसून उतरान येवचां." त्याने झाडू भिंतीला टेकवला. "तुमी पोरांक सुकती शिकयतास, आनी बाईंक तांबडी रेघ मारतास."

एवढे बोलून तो पाणी भरायला गेला. मला राग आला. पहिल्यांदा आला तो रागच, लाज नव्हे. शिपायाने मुख्याध्यापकाशी असे बोलावे? त्या रागातच मी हजेरीबुक खोलीत नेले, भिंतीवरची दिनदर्शिका काढली आणि तिथ्या ताडून पाहू लागलो, त्याचे म्हणणे खोटे ठरवण्यासाठी.

रेघेखालच्या एकतीस सह्यांपैकी सत्तावीस बीज ते पंचमी या तिथींना पडल्या होत्या. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत. माझ्याच पट्टीने ओढलेल्या तांबड्या रेघांखालच्या सह्या चंद्राबरोबर महिन्यातून दोनदा येत होत्या आणि जात होत्या. आठवीच्या मुलालाही त्यावरून ओहोटीचा तक्ता करता आला असता. मी तोच धडा अकरा वर्षे शिकवीत होतो. नदी माझ्या खोलीपासून वीस मिनिटांवर होती आणि मी कधी सकाळी धक्क्यावर गेलो नव्हतो. मला जाण्याचे कारणच नव्हते. मी नदीच्या शाळेच्या बाजूला राहत होतो.

उरल्या चार. त्यांपैकी एका दिवशी फेरीचे यंत्र बंद पडले होते, हे गावभर माहीत होते. दोन दिवस रस्ता अडवलेला होता. बस नव्हती, म्हणजे बाई घरापासून शिवोलीच्या धक्क्यापर्यंत चालत आल्या असणार. इतर दोन शिक्षक त्या दोन्ही दिवशी आलेच नव्हते, त्यांची किरकोळ रजा मांडली गेली. चालत आलेल्या बाईंना मी रेघ मारली.

शेवटची एक सही राहिली. नोव्हेंबरातील एक मंगळवार, अष्टमी. फेरी चालू, रस्ता मोकळा, पाऊस नाही. तिचा उलगडा मला झाला नाही.

मी त्या दुपारी बसून तक्ता तयार केला. एकतीस ओळी, दिनांक, तिथी, ओहोटीची अंदाजे वेळ, आल्याची वेळ आणि, पहिल्यांदाच, कारणाचा रकाना. तक्ता नेटका होता. एकतिसाव्या ओळीत मी 'कारण अज्ञात' असे लिहिले. ते लिहिताना माझा हात क्षणभरही थांबला नाही. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेच लिहायचे, ही माझी सवय. बाईंना विचारावे असे मनात आले होते. पण अहवाल देऊन झाल्यावर आता विचारायचे म्हणजे आपली चूक त्यांच्यापुढे कबूल करणे आले. मंडळापुढे तक्ता मांडून चूक दुरुस्त करावी आणि बाईंना ती झाल्याचे कळूही नये, असा माझा बेत होता. आज त्या बेताकडे पाहिले की त्यातला भित्रा व्यवस्थितपणा मला स्पष्ट दिसतो.

मंडळाची सभा एप्रिलमध्ये झाली. कार्यक्रमपत्रिकेवर विषय क्रमांक चार माझा होता, प्रभारी मुख्याध्यापकास कायम करणे. विषय क्रमांक पाच बाईंचा. चौथा विषय एकमताने मंजूर झाला. अध्यक्षांनी माझे अभिनंदन केले, चहा आला. मग मी पाचव्या विषयावर बोलण्याची परवानगी मागितली आणि तक्ता टेबलावर ठेवला.

मी चांगले बोललो. ओहोटी समजावून सांगितली, तिथ्या दाखवल्या. अध्यक्ष वयोवृद्ध होते, ते तक्त्यावर वाकून म्हणाले, "हे तर खरंच आहे. चवथीला फेरी रुततेच. आम्ही लहानपणापासून बघतो."

कार्यवाहांनी तक्ता आपल्याकडे ओढला, वरून खाली वाचत गेले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"ही एक?"

"तिचं कारण मला माहीत नाही."

"म्हणजे एकदा तरी बाई कारणाशिवाय उशिरा आल्या, हे तुम्हीही मानता."

"कारण नव्हतं असं नाही. मला माहीत नाही, एवढंच."

"कळवलं नाही त्यांनी?"

"नाही."

"मुख्याध्यापकाला कारण कळवण्याचीसुद्धा गरज वाटली नाही." त्यांनी हे इतरांकडे वळून सांगितले. मग माझ्याकडे. "सर, आणि बाकीच्या तीस दिवशीही फेरीचं कारण त्यांनी स्वतः सांगितलेलं नाही ना? ते तुम्ही शोधून काढलंत. तुमचा मोठेपणा. पण फेब्रुवारीतला अहवाल तुमचाच, सही तुमचीच. आम्ही कोणतं खरं धरायचं?"

मी येथे म्हणायला हवे होते: त्यांनी सांगितले नाही, कारण मी सांगू दिले नाही. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते. शाळेत इतकी वर्षे उत्तर येत असूनही हात वर न करणारी मुले मी पाहिली होती आणि त्यांना रागावलो होतो. त्या दिवशी माझे तसेच झाले. विषय क्रमांक चार अर्ध्या तासापूर्वीच मंजूर झाला होता आणि इतिवृत्तावर अजून सही व्हायची होती. मी तक्ता उचलला आणि घडी घातली.

बाईंना कायम न करण्याचा ठराव झाला. कारण: अनियमित उपस्थिती. राजभाषेचा उल्लेख त्या खोलीत एकदाही झाला नाही. तेवढी स्वच्छता मी त्यांना पुरवली होती.

मे महिन्यात मी डिचोलीला निवृत्त मुख्याध्यापकांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने चहा आणि उंडे, इकडचे कडक पाव, आणून ठेवले. मी सर्व हकिकत क्रमवार सांगितली. ते उंड्याचा तुकडा चहात बुडवून ऐकत राहिले.

"तुम्हाला सुकतीचं ठाऊक होतं," मी म्हणालो.

"माझी बहीण चोपड्याला दिलेली. ठाऊक नसायला काय झालं?"

"मग आम्हाला का सांगितलं नाहीत?"

"कोणाला? बाकीच्यांना कळलं होतं. राहिलात तुम्ही." ते किंचित हसले. "तुम्हाला सांगितलं असतं, तर ते नियमात बसतं का, हे तुम्ही पाहिलं असतं. नसतं बसलं. मग तुम्ही मंडळाला पत्र लिहिलं असतंत. लिहिलं असतंत की नाही?"

"लिहिलं असतं."

"म्हणून म्हाताऱ्याची चावी हरवत होती."

त्यांच्या पत्नी आतून म्हणाल्या, "घरी कधी एक वस्तू हरवली नाही यांची. शाळेतच मेला विसरभोळेपणा!"

दोघेही हसले. मला हसता आले नाही. त्यांच्याबद्दल आदर वाटला, आणि संतापही. तो संताप अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा त्याचे कारणही लिहून ठेवतो. त्यांचा दयाळूपणा खरा होता. पण त्यांनी त्याला वेंधळेपणाचा वेष दिला आणि निवृत्त होताना तो बरोबर घेऊन गेले. मागे राहिला तो नुसता नियम, आणि माझ्यासारखा माणूस. वरिष्ठाने हाताखालच्यांवर केलेली माया जर फक्त त्याच्या खुर्चीपुरती असेल, तर खुर्ची रिकामी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिची किंमत कोणी तरी चुकवतो. त्यांना एक साधी गोष्ट करता आली असती, मलाही करता आली असती. वेळापत्रकात बाईंचा पहिला तास मोकळा ठेवायचा आणि शेवटचा भरायचा. पुढच्या वर्षी नदीपलीकडून दुसरे एक शिक्षक आले तेव्हा मी ते केले. वेळापत्रक बदलायला मला एक दुपार लागली. कोणत्याही नियमाला धक्का लागला नाही. कोणी विचारलेसुद्धा नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाई अनुभवाचे प्रमाणपत्र न्यायला आल्या. गोव्याला नुकताच घटक राज्याचा दर्जा मिळाला होता. शाळेच्या छापील कागदांवर अजून 'गोवा, दमण व दीव' होते, आणि आमचे कारकून प्रत्येक कागदावरचे 'दमण व दीव' शाईने खोडत बसले होते. बाईंनी ते पाहिले. "किती कागद उरलेत अजून?" त्यांनी कारकुनांना विचारले.

"दोन वर्षं पुरतील एवढे," कारकून म्हणाले. "छापताना कोणाला माहीत, दीव सुटणार म्हणून!"

त्या हसल्या. माझ्या खोलीत आल्यावर खुर्चीवर बसल्या नाहीत. मी बसा म्हटले तेव्हा बसल्या.

मला काही तरी बोलणे भाग होते, आणि जे बोलू नये तेच मी बोललो. "बाई, नोव्हेंबरात एका मंगळवारी तुम्हाला उशीर झाला होता. त्या दिवशी फेरी वेळेवर होती. काय झालं होतं?"

"कुठल्या मंगळवारी?"

मी दिनांक सांगितला.

"सर, मला कसं आठवेल?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होते. "आईने पेज सांडली असेल. साडी बदलावी लागली असेल. नाही तर झोप लागली असेल. माणसाला एखाद्या दिवशी झोप लागते." मग म्हणाल्या, "तुम्ही त्याच दिवशी विचारलं असतं, तर सांगितलं असतं."

मी प्रमाणपत्र पुढे केले. ते मी आदल्या दिवशी स्वतः टंकलिखित केले होते, कारकुनांना न देता. त्यात त्यांच्या अध्यापनाची प्रशंसा होती, आणि शेवटी 'कर्तव्यदक्ष व वक्तशीर' असे शब्द होते. शाळेच्या कागदावर मी जाणूनबुजून लिहिलेली ती पहिली गोष्ट, जी माझ्याच हजेरीबुकाशी जुळत नव्हती. मला वाटत होते, त्यांना ते वाचून बरे वाटेल. कदाचित मलाच बरे वाटत होते.

बाईंनी शेवटपर्यंत वाचले आणि कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"हा शब्द काढा, सर."

"का? तुम्ही वक्तशीर होतात. मी हिशेब करून पाहिलाय."

"असेल. पण पुढच्या शाळेत विचारतील, आधीची नोकरी का गेली? मला ठरावाची प्रत दाखवावी लागेल. त्यात अनियमित उपस्थिती, यात वक्तशीर. खाली दोन्हीकडे तुमचंच नाव. ते म्हणतील, बाईंनी गयावया करून हे लिहून घेतलं." त्यांनी छत्री मांडीवरून उचलून खुर्चीला टेकवली. "मी गयावया केलेली नाही."

"नाही. तुम्ही केली नाहीत."

"मग दुसरं द्या."

मी दुसरा कागद घेतला, 'दमण व दीव' पट्टी लावून खोडले आणि त्यांच्यासमोरच टंक करायला बसलो. नेमणुकीचा दिनांक, सेवा संपल्याचा दिनांक, इयत्ता, विषय. प्रशंसा ठेवू का, असे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "शिकवण्याबद्दलचं राहू द्या, तेवढं अहवालातही होतं म्हणतात." दहा मिनिटांचे काम. त्या खिडकीतून बाहेर, नव्या वर्षाच्या प्रवेशासाठी आलेल्या पालकांच्या रांगेकडे पाहत होत्या. त्यांतल्या दोघी-तिघींनी त्यांना ओळखून हात केला, तेव्हा त्यांनीही केला.

मी सही केली, शिक्का मारला. बाईंनी दोन्ही दिनांक बोटाने तपासले, एखाद्या मुलाची वही तपासावी तसे, आणि कागदाची घडी घातली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.